ओल्गाला शेवटी बोलावतात

शारजातल्या अल नहदाच्या तीन-चार टॉवरांमध्ये ओल्गा तुस्कानोचं नाव होतं, आणि ते नाव ज्या कारणाने होतं ते कारण तिला मुळीच आवडत नव्हतं. कुठलंही कुटुंब गल्फ सोडून 'फॉर गुड', म्हणजे कायमचं, घरी निघालं, की पहिला फोन ओल्गाला. वीज-पाणी कधी तोडायचं, डिपॉझिट परत मिळवायला कुणाच्या टेबलासमोर किती वेळ बसायचं, घरमालकाचा माणूस यायच्या आत भिंतीतली खिळ्यांची भोकं पांढऱ्या टूथपेस्टने कशी बुजवायची, फ्रीज कुणाला विकायचा आणि जुना सोफा कुणाच्या गळ्यात मारायचा, हे सगळं तिला पाठ होतं. नव्या घराच्या पार्टीला मात्र तिला बोलवायचं कुणाला सुचत नसे. "मी म्हणजे मयताच्या घरची आंटी," ती नवऱ्याला म्हणायची. "फरक एवढाच, की माझं मयत स्वतःच्या पायांनी एअरपोर्टला जातं."

यात समाजसेवा वगैरे काही नव्हतं. लोकांची कपाटं उघडून बघायला तिला मनापासून आवडायचं आणि निघायच्या घाईत कुणी तिला अडवत नसे, हे ती स्वतःशी कबूल करायची. दिवसभर दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसून लोकांच्या उघड्या तोंडांची बिलं घेणारी बाई संध्याकाळी त्यांची कपाटं बघते, यात तिला काही विसंगत वाटत नव्हतं.

नवरा मॉरिस फुजैराला, जहाजांना तेल भरणाऱ्या एका टर्मिनलवर कामाला. आठवडाभर तिकडेच कॅम्पात. रविवारी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि मधल्या वेळात तिने आठवड्यात घेतलेल्या सगळ्या निर्णयांना एकदाच "बरोबर आहे" म्हणायचा. त्यामुळे घरातला प्रत्येक निर्णय ओल्गाचा असायचा आणि चूकही तिचीच निघायची. पंधरा वर्षांचा शेल्डन हा त्यातला सगळ्यात उंच निर्णय.

शेल्डनने क्रिकेट खेळावं अशी सगळ्यांची इच्छा होती. मॉरिस वसईत पॅरिशच्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये बोलिंग टाकायचा आणि अजूनही दोन पेग पोटात गेले की हॉलमध्ये रनअप घेऊन दाखवायचा. पण पोराने शाळेतल्या मित्राच्या नादाने बेसबॉल धरला. ओल्गाला पहिलं वर्ष तर तो खेळ म्हणजे सगळ्यांनी मिळून बिघडवलेलं क्रिकेट वाटायचं. मग हळूहळू तिला कळायला लागलं. टेकाडावर उभा राहून बॉल टाकतो तो पिचर. पहिल्या इनिंगपासून टाकायला लागतो तो स्टार्टर, आणि मॅच हातातोंडाशी आली की शेवटच्या इनिंगला ज्याला आत पाठवतात तो क्लोजर. शेल्डन स्टार्टर होता. ओल्गाच्या हिशेबात तो ओपनिंग बोलर होता, नवा चेंडू त्याच्या हातात होता, आणि वसईला सासरच्यांना तिने तसंच सांगितलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी प्रॅक्टिसवरून परत येताना, गाडी सिग्नलला थांबलेली असताना, शेल्डन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कोच वाँट्स मी टु क्लोज."

ओल्गाला वाटलं, कुठलं तरी दार बंद करायचं राहिलं असेल. मग अर्थ लागला, तोवर सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते.

घरी पोचेपर्यंत तिने सगळं काढून घेतलं. अबुधाबीच्या टुर्नामेंटमध्ये सुरुवात सफा करणार. सफा म्हणजे टीममधली इजिप्शियन मुलगी, शेल्डनच्याच वयाची, केस घट्ट बांधून येणारी, मॅचच्या आधी कुणाशी न बोलणारी. शेल्डनने शेवटची इनिंग टाकायची. ते पण कोचने अजून पक्कं केलेलं नाही, शेल्डननेच विचार करून सांगायचंय. "आणि तुला काय वाटतं?" ओल्गाने विचारलं. शेल्डन म्हणाला, "इट्स फाइन." पंधरा वर्षांच्या पोराच्या तोंडी या दोन शब्दांत काहीही मावू शकतं, हे ओल्गाला ठाऊक होतं. तिने त्यात स्वतःला हवं ते भरलं. पोराला अपमान लागलाय.

खरं तर लागला होता तिला. शेवटी बोलावणं म्हणजे काय असतं हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणाला माहीत होतं? आता हे पोरगंही त्याच ओळीत. तीन पिढ्यांनी नाक वर करून जगायचं, म्हणून वसईची वाडी सोडून वाळवंटात आलो, आणि पोराच्या नशिबी भोकं बुजवणं.

तिने एक इलाज ठरवला. तो तिचा जुना, खात्रीचा इलाज होता. चर्चच्या ख्रिसमस नाटकात शेल्डनला मेंढरू केलं होतं, तेव्हा तिने नाटक बसवणाऱ्या बाईंकडे घरी केलेली मार्झिपानची मिठाई पोचवली होती आणि मेंढराचा पूर्वेकडचा राजा झाला होता. त्याच हिशेबाने तिने मंगळवारी दवाखान्यातून लवकर सुटी घेतली, मटणाचा खिमा परतला, बटाटे उकडले आणि पोटॅटो चॉपचा एक डबा भरून मैदानावर गेली.

कोच खैरुद्दीन हा पेशावरचा. तिकडे पोलिसांच्या संघातून बेसबॉल खेळलेला, इकडे दिवसभर इंडस्ट्रियल एरियातल्या टायरच्या दुकानाचा मॅनेजर, आणि संध्याकाळी पोरांचा कोच. दाढी नीट कापलेली, आवाज कायम बसलेला, आणि प्रत्येक आईला 'बाजी', म्हणजे ताई, म्हणणारा. त्याने उभ्या उभ्या दोन चॉप खाल्ले, तिसरा टिश्यूत गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बाजी, कमाल के बने हैं. पर शेल्डन तीसरी इनिंग के बाद आसमान देखने लगता है."

"आसमान में क्या देखता है?"

"वो आप पूछिए. मेरे को तो बस बॉल इधर-उधर जाता दिखता है."

मग त्याने समजावून सांगितलं. शेल्डनकडे एकच बॉल खरा आहे, जोरात सरळ जाणारा. पहिल्या फेरीत बॅटरना तो दिसत नाही. दुसऱ्या फेरीला तेच बॅटर परत येतात तेव्हा त्यांना तो ओळखीचा झालेला असतो, आणि शेल्डनचं लक्षही तोवर उडालेलं असतं. एक इनिंग द्या, शेवटची, भीतीची, तर तो दुसराच मुलगा होतो. सफाचा बॉल हळू आहे, पण तिच्याकडे चार तऱ्हा आहेत आणि तिला कंटाळा येत नाही. ओल्गाने विचारलं, थोडी मेहनत करून घेतली तर? कोच म्हणाला, करतोच आहोत, दोन वर्षांनी कदाचित सुरुवातही करेल. पण आत्ता नाही.

"फिर भी उसकी मर्ज़ी," तो म्हणाला. "बुध तक बोले. वो बोलेगा, आप नहीं."

ओल्गाने त्यातलं "उसकी मर्ज़ी" तेवढं ऐकलं आणि रिकामा डबा घेऊन विजयी मुद्रेने घरी आली.

त्या रात्री जेवताना तिने मोहीम उघडली. पप्पांचं स्वप्न झालं. वसईची आजी टीव्हीच्या सीरियल सोडून मोबाईलवर त्याची मॅच बघते, ती सुरुवातीलाच बघते, शेवटपर्यंत तिचे डोळे टिकत नाहीत, हेही झालं. पेपरात सुरुवात करणाऱ्याचं नाव येतं, मागून येणाऱ्याचं नाही, हे तिने स्वतःच्या मनाने ठोकून दिलं. बेसबॉलच्या कुठल्या पेपरात कुणाचं नाव येतं याची तिला काडीची माहिती नव्हती. शेल्डनने चपातीचा तुकडा रश्शात बुडवला, बराच वेळ तसाच धरून ठेवला आणि म्हणाला, "ओके, ममा."

हा "ओके" तिच्या चांगल्या ओळखीचा होता. खोली आवर म्हटलं की हाच यायचा आणि खोली तशीच राहायची. घरमालकाच्या "इन्शाल्ला"इतकाच त्याचा भरवसा. पण त्या रात्री ओल्गाला तो सही-शिक्क्याच्या करारासारखा वाटला, आणि तिने लगेच वसईच्या ग्रुपवर टाकलं. शनिवारी सकाळी आमचे नऊ, तुमचे साडेदहा, सुरुवातच शेल्डनची, कुणी उशीर करू नका.

फुजैराहून मॉरिसचा मेसेज आला. बरोबर आहे.

शुक्रवारी शारजाला सुट्टी. पाचव्या मजल्यावरची वैभवी त्या दिवशी घर रिकामं करत होती. तिच्या नवऱ्याची, राहुलची, कंपनी बंद झाली होती आणि तो आधीच नाशिकला गेला होता. ओल्गाने हातमोजे, टूथपेस्ट, खरवडायची पट्टी आणि शेल्डन, एवढं सामान घेतलं आणि लिफ्टने खाली गेली. दार उघडल्यावर तिला आश्चर्य वाटलं. घरात दुसरं कुणीच नव्हतं. वैभवीच्या एवढ्या मैत्रिणी, गणपतीला दारात चपलांचा डोंगर व्हायचा, त्या सगळ्या कुठे गेल्या?

"मीच नको म्हटलं," वैभवी म्हणाली. ती ओट्याखाली बसून डबे पुसत होती. "समिधा काल आली होती, रडून गेली. तिला पाणी देऊन, पाठ थोपटून मलाच दमायला झालं. अगं, त्या सगळ्या रडतात. तू फ्रीजचं बघतेस."

हे कौतुक होतं की शिवी, हे ओल्गाला पटकन ठरवता आलं नाही. चाळिशी उलटलेल्या बाईला एवढ्या वर्षांच्या ओळखीनंतर निरोपाच्या दिवशी हेच ऐकायला मिळावं? तू फ्रीजचं बघतेस. मागे गादी उचलून उभा असलेला शेल्डन हसला. फुस्सकन, दाबता न आलेलं. ओल्गाने वळून बघितलं तेव्हा तो गादीच्या मागे दडला होता.

"हसायला काय झालं?"

"नथिंग," गादीतून आवाज आला.

दुपारी वैभवीने बाहेरून बिर्याणी मागवली. शेल्डनने चमचा नुसता फिरवला. सकाळचं अंडंही त्याने तसंच ठेवलं होतं, आणि बुधवारपासून डबा अर्धा परत येत होता. ओल्गाने वैभवीला अभिमानाने सांगितलं की उद्या सुरुवात करायचीय ना, म्हणून. मोठ्या खेळाडूंचं असंच असतं. वैभवीने शेल्डनकडे बघितलं, मग ओल्गाकडे, आणि उरलेली बिर्याणी गुंडाळून ओल्गाच्या हातात दिली.

शनिवारी पहाटे निघाले. अबुधाबीचा रस्ता मोकळा होता. शेल्डन शेजारी बसला होता, युनिफॉर्म घालून, टोपी मांडीवर, रंग कणकेसारखा. ओल्गा सूचना देत होती. पहिलाच बॉल जोरात टाक, बघू दे सगळ्यांना. आकाशाकडे बघू नको. अर्धा रस्ता झाल्यावर शेल्डन म्हणाला, "ममा, स्टॉप." तिने पुढच्याच पेट्रोल पंपावर गाडी घेतली. दार उघडून तो कचऱ्याच्या डब्यापर्यंत पळाला आणि काही खाल्लेलं नसूनही ओकत राहिला.

ओल्गाने पाण्याची बाटली काढली आणि थांबली. दुसऱ्या आईने काय केलं असतं हे तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की उंच झालेलं पोर डब्यावर वाकलंय, पाठीवर सात नंबर आहे आणि तो नंबर थरथरतोय. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने पाणी द्यायचं सोडून फोन काढला. चूक केली, तर ती निस्तरायची तरी नीट. ते तिला येत होतं.

कोचने पहिल्याच रिंगला उचलला. ओल्गाने तिच्या दवाखान्याच्या हिंदीत एका दमात सांगून टाकलं. की शेल्डनने सुरुवात करतो म्हणून जे सांगितलं असेल, ते त्याचं नव्हे, माझं होतं. मीच मागे लागले होते. पोराला झेपत नाहीये. त्याला शेवटचीच इनिंग द्या. माझी चूक झाली, माफ करा.

तिकडे कोचने पोरांना जरा लांब जायला सांगितलं.

"बाजी," खैरुद्दीन म्हणाला, "उसने तो बुध को ही बोल दिया था. आख़िरी इनिंग मैं करूँगा. शुरुआत का तो उसने नाम भी नहीं लिया."

ओल्गाने डब्यावर वाकलेल्या शेल्डनकडे बघितलं.

"एक बात और बोला था," कोच म्हणाला. आता त्याचा बसका आवाज जरा चाचरत होता. "मम्मी को मत बताना."

फोन ठेवल्यावर ती गाडीत बसली. शेल्डनही येऊन बसला, तोंड पुसत. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याला समजलं. पंपावरच्या दुकानाच्या काचेत दोघांची गाडी दिसत होती, त्यात ही दोघं शेजारी शेजारी, समोर बघत.

"मला का नाही सांगितलंस?"

"यू हॅड ऑलरेडी टोल्ड वसई."

खरंच होतं. ओल्गाने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "मग बुधवारपासून जेवला का नाहीस? आत्ता हे काय झालं? मॅचची भीती वाटते?"

शेल्डनने टोपी उलटीसुलटी केली. त्याला खोटं बोलता आलं असतं. तो खोटं बोलला नाही. "नॉट द मॅच," तो म्हणाला. "आय वॉज थिंकिंग, सफा विल वॉक आउट, अँड यू विल बी स्टँडिंग देअर विथ द फोन."

म्हणजे पोराला चार दिवस जे जेवू देत नव्हतं, ते बॅटर नव्हते, बॉल नव्हता, अबुधाबी नव्हती. ती होती. फोन घेऊन उभी असलेली. ओल्गाला रडू आलं नाही, आणि तिला पहिला विचार आला तो हा की वैभवी बरोबर म्हणत होती, आपण फ्रीजचंच बघतो. दुसरा विचार यायच्या आत पंपावरच्या माणसाने काचेवर टकटक केली, गाडी पुढे घ्या, मागे लाईन लागली आहे.

"तुला आवडतं?" पुन्हा हायवेला लागल्यावर तिने विचारलं. "ते शेवटी जाणं?"

"येस." तो एकदम सरळ बसला. मग इंग्रजीत भराभरा बोलायला लागला, इतकं की ती अर्धंच पकडू शकली. पहिल्यापासून टाकताना डोक्यात शंभर गोष्टी येतात, शाळेच्या, होमवर्कच्या, कसल्याही. शेवटी गेलं की एकच गोष्ट असते. सगळे घाबरलेले असतात आणि त्यालाच काय करायचं ते कळत असतं. ते त्याला मजेदार वाटतं. ओल्गा ऐकत होती. पोर एवढं सलग शेवटचं कधी बोललं होतं, तिला आठवेना.

मैदानावर पोचले तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. सफा टेकाडावर उभी राहून हात फिरवत होती. ओल्गाने फोन लावला आणि वसई आली. सासूबाई खुर्चीत, शेजारी दीर, दिराची बायको, आणि मागे दोन-तीन डोकी जी कुणाची होती ते कळत नव्हतं.

"शेल्डन कुठेय?" सासूबाईंनी विचारलं. "ही पोरगी कोण?"

ओल्गाला वाटलं, नेटवर्क गेलं असं सांगून फोन बंद करावा. बोट लाल बटणापर्यंत गेलंही. "ही सफा," तिने सांगितलं. "सुरुवात हीच करते. शेल्डन शेवटी येणार."

"म्हणजे बसवलाय?" दिराची बायको म्हणाली. तिचा मुलगा वसईच्या अंडर-सिक्स्टीनमध्ये होता.

"बसवला नाही. त्यानेच ते मागून घेतलंय," ओल्गा म्हणाली. "मी मध्ये नाक खुपसलं होतं, ते नाक कापून घेतलंय मी आज पंपावर." पलीकडे दीर हसला, आणि सासूबाई म्हणाल्या, तू आधी तो फोन सरळ धर, नुसतं गवत दिसतंय.

सफाने कंटाळा न करता टाकलं. एक-एक बॅटर येत होता, जात होता. शेल्डन बाकावर बसला होता, गुडघ्यावर कोपरं, प्रत्येक बॅटरकडे बघत. वसईचे लोक मधून मधून चहाला जात होते आणि परत येत होते. शेवटच्या इनिंगला शारजाची टीम एका रनाने पुढे होती. खैरुद्दीनने हात वर केला आणि शेल्डन उठला.

तो काही चमत्कार करणार नाही हे ओल्गाला पहिल्या चार बॉलमध्येच कळलं. पहिल्या बॅटरला त्याने चारही बॉल बाहेर टाकून फुकट बेसवर, म्हणजे रनच्या पहिल्या टप्प्यावर, पाठवलं. दुसरा आउट झाला. तिसऱ्याने बॉल जोरात मारला आणि आता दोन माणसं बेसवर होती. ओल्गा फोन धरून कुंपणापाशी एवढ्या येरझारा घालत होती की वसईला सगळं मैदान भूकंपात दिसत होतं. पण शेल्डन आकाशाकडे बघत नव्हता. तो फक्त समोर बघत होता, आणि त्याचा चेहरा तिने घरात कधी बघितला नव्हता असा होता. शांत नव्हे, जरासा आनंदी. चौथा आउट झाला. पाचव्याने बॉल उंच उडवला, अगदी सरळ वर, आणि आता पहिल्या बेसला उभी असलेली सफा दोन पावलं मागे सरकली, हातमोजा वर धरला आणि तो पकडला. तिसरा आउट, खलास. पोरं धावत सुटली.

"ती पोरगी कोण गं?" सासूबाईंनी पुन्हा विचारलं. "भारी खेळते."

ओल्गाने फोन खाली केला आणि कुंपणाच्या दारापाशी गेली. शेल्डन घामाने चिंब होऊन खैरुद्दीनसमोर उभा होता. कोचने विचारलं, पुढच्या शनिवारी काय करायचं, हेच, की एक इनिंग सुरुवात करून बघतोस?

"धिस," शेल्डन म्हणाला. तिच्याकडे बघितलंही नाही. बॅग उचलून तो सफाकडे निघाला, तो शेवटचा बॉल तिच्याकडून मागून घ्यायला.

खैरुद्दीनने ओल्गाला बघितलं. "बाजी, कुछ कहना था?"

ओल्गाने तोंड उघडलं. सांगण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं, पहिल्या बॅटरला फुकट जाऊ दिलं त्याबद्दल तर होतंच. तिने तोंड मिटलं.

"नहीं," ती म्हणाली, आणि गाडी कुठे लावली होती ते शोधायला लागली.